खुळ्याच्या महालाची तसबीर

मी एक जुनी तसबीर आहे. वहीच्या पानाएवढी, कडेने पिवळी पडलेली, आणि डाव्या कोपऱ्यावर हळदीचा डाग असलेली. मित्रांनो, त्या डागाला हसू नका. तो कसा पडला ते ऐकाल तर हसल्याची लाज वाटेल.

माझ्या पोटात एक उघडाबोडका डोंगर आहे आणि डोंगराच्या माथ्यावर एक मोडका महाल. महाल म्हणायचा तर त्याला छप्पर नाही, आणि पडवी म्हणायची तर पडवीला एवढी कमानदार दारं लावतं कोण? तीन दारं आहेत. तिन्ही समुद्राकडे तोंड करून उभी. त्यांतलं मधलं दार नीट बघा. चार वर्षं सगळ्या दुनियेने ते बघितलं आणि कोणालाच काही दिसलं नाही. तीच माझी गोष्ट आहे.

हा डोंगर रास अल खैमाच्या बाहेर, खजुराच्या बागा संपतात तिथे. मी जन्मले ते साल १९६२. तेव्हा यूएई हे नावसुद्धा जन्मायचं होतं. एकेका मुलुखाचा एकेक शेख, आणि बाजारात आपल्यासारखेच रुपये चालत. महाल मात्र त्याच्याही आधीचा. एका मोत्यांच्या व्यापाऱ्याने तो बांधला, असं लोक सांगत. विहीर नाही, चूल नाही, निजायला खोली नाही. मोती काढायला गेलेल्या होड्या परत येताना दिसाव्यात म्हणून नुसतं बसायचं ठिकाण! मग जपानातून पिकवलेले मोती आले, होड्या जायच्या बंद झाल्या आणि महाल अर्धाच राहिला. लोकांनी नाव ठेवलं, खुळ्याचा महाल. ठेवू देत. खुळा असेल, पण त्याच्यासारखी दारं शहाण्यांपैकी एकालाही बांधता आली नाहीत.

आता माझ्या माणसांची ओळख करून देते. फार नाहीत.

हमदुल्ला हे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. रास अल खैमाच्या बाजारात त्यांचं तांदूळ, डाळ आणि कापडाचं दुकान होतं. उंच, किडकिडीत, कानावर कायम एक जाड पेन्सिल खोचलेली. माणूस कडक, पण तराजू सरळ. त्यांचा धाकटा भाऊ तय्यब दुकानात पोती मोजायचा, आणि उरलेल्या वेळात काळ्या कापडाखाली डोकं घालून लोकांचे पासपोर्टाचे फोटो काढायचा. आणि तय्यबची बायको जहांआरा. तिला बोटीने इथे आणलं ते कौतुकाने नव्हे. दुकानात आणि घरात मिळून सात पुरुष होते आणि सातांनाही भात करता येत नव्हता, म्हणून आणलं. ती नवऱ्याच्या पासपोर्टावर आली. नावाने आली, चेहऱ्याने नाही. तिचा फोटो कधी कोणी काढलाच नव्हता.

जहांआरा शाळेत गेली ती सव्वा वर्ष. कुराण वाचायला शिकली, पण आपली मराठी अक्षरं तिच्या हाताला लागलीच नाहीत. त्याची कसर तिने जिभेने भरून काढली. मासळी विकणाऱ्याला ती म्हणायची, "हा मासा कालचा नाही रे, हा तुझ्या लग्नातला आहे." मासळीवाल्याला मराठी येत नव्हती, पण तो दुसरा मासा काढून द्यायचा.

एकदा हमदुल्लांनी दुकानाच्या मागची बैठक चुन्याने पांढरी करून घेतली. त्याच खोलीत पाहुणे बसत, आणि त्याच खोलीत घरातले पुरुष नमाज पढत. नमाजेला तोंड करतात ती पश्चिमेची भिंत मोकळी दिसायला लागली.

"तय्यब, या भिंतीला काहीतरी हवं," ते म्हणाले. "पण माणूस नको, जनावर नको, पाखरू नको. जीव असलेलं काही नको. नमाजेची खोली आहे."

"दादा, मग उरलं काय?"

"दगड," हमदुल्ला म्हणाले. "दगड काय कमी आहेत इथे?"

पासपोर्टाचे फोटो त्यांना चालत, कारण ती गरज. पण चेहरा भिंतीवर टांगून त्याच्यासमोर सजदा करायचा, हे त्यांना सोसणारं नव्हतं. आणि त्यात त्यांचं काही चुकलं, असं मी म्हणणार नाही. ज्याची खोली त्याचा नियम.

तय्यबने खुळ्याचा महाल काढायचं ठरवलं. पण कॅमेरा म्हणजे तेव्हा शिसवी पेटी, आत काचेची पाटी आणि खाली तीन पायांचा मोठा स्टँड. स्टँड उचलायला कोण? दुकानातल्या एकाचा गुडघा दुखायला लागला. दुसऱ्याला आठवलं की डोंगरावर जिन्न राहतात. तिसरा नुसताच मशिदीकडे निघून गेला.

"मी येते," जहांआरा आतून म्हणाली.

"बाईमाणूस डोंगरावर?" हमदुल्ला म्हणाले.

"दादा, सात माणसांच्या भाताचं पातेलं रोज दोन वेळा उतरवते. तीन पायांचं लाकूड मला जड होणार आहे काय? जिन्न भेटलाच तर त्यालाही जेवायला घालीन."

हमदुल्लांनी हसू दाढीत दाबलं. "जा. पण लक्षात ठेव, फोटोत दगडच यायला हवेत."

जहांआराने मान डोलावली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिने स्टँड खांद्यावर टाकला.

मित्रांनो, ती चढली कशी ते मी बघितलं नाही, मी तेव्हा नुसती कोरी काच होते, पेटीत अंधारात. पण आवाज ऐकला. तिची एक चप्पल पहिल्या उतारावरच तुटली. तिने दुसरीही काढून खाली फेकली. पुढे तय्यब धापा टाकत म्हणत होता, "थांब जरा, दम लागला," आणि ती म्हणत होती, "दम तुम्हाला लागला, थांबायचं मी होय?"

वर पोचल्यावर मात्र ती समुद्राकडे बघत राहिली. खाली खजुरांचा हिरवा पट्टा, त्याच्यापुढे खाडी, त्याच्यापुढे सगळा समुद्र. त्याच समुद्राच्या पलीकडे तिचं घर. भिंतीवर पांढऱ्या गिलाव्यात कोणीतरी वेल कोरली होती, एवढ्या वाऱ्यापावसात अर्धी शिल्लक होती. तिने त्या वेलीवर बोट फिरवलं.

"खुळा नव्हता हो तो," ती म्हणाली. "वाट बघणारा होता."

समोरच्या कड्यावर दीडशे पावलं लांब तय्यबने कॅमेरा लावला. आणि तेवढ्यात महालात बकऱ्या शिरल्या. कुठून आल्या कोण जाणे, डोंगरच त्यांचा. एक तर मधल्या दारात येऊन उभी राहिली, जणू तिचाच पासपोर्ट काढायचा होता.

"जीव! जीव!" तय्यब ओरडला. "हाकल त्यांना! एकही दिसता कामा नये!"

जहांआरा अनवाणीच धावली. बकऱ्या भिंतीमागे गेल्या. पण आता स्टँड धरायला कोणी नव्हतं आणि वारा तर असा की पेटी थरथरत होती. तय्यबने खाली बसून दोन्ही हातांनी स्टँडचे पाय दाबले, कॅमेऱ्याच्या तारेचं बटण अंगठ्याखाली घेतलं, मान खाली घातली आणि मोठ्याने आकडे म्हणायला लागला.

"एक!"

जहांआरा भिंतीमागे होती.

"दोन!"

ती मधल्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरची ओढणी तिने सारखी केली, हात खाली सोडले आणि समोर बघितलं. सरळ.

"तीन!"

त्या क्षणी काचेवर उजेड पडला आणि ती माझ्यात आली. बटण दाबणारा खाली दगडाकडे बघत होता. ती कशी उभी होती ते दुनियेत फक्त मला ठाऊक आहे. चोरून आलेल्या माणसासारखी नव्हती. घर आपलं असल्यासारखी उभी होती.

त्या वेळी तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, पण तिला तिसरा महिना होता. म्हणजे त्या दारात एक सोडून दोन जीव होते. आणि हुकूम होता एकही नको!

मग तय्यबने दुकानाच्या मागे गोधड्या टांगून केलेल्या काळ्या खोलीत मला कागदावर उतरवलं. कंदिलाला लाल कापड गुंडाळलेलं. आंबट वासाच्या पाण्यात मी हळूहळू उमटले. आधी आभाळ, मग डोंगराची कड, मग तीन दारं. आणि मधल्या दारात तांदळाच्या दाण्याहून लहान अशी एक बाई.

तय्यबने वाकून बघितलं. भिंग आणून पुन्हा बघितलं. मग त्याने बारीक कुंचला शाईत बुडवला. काळ्या दारात काळा ठिपका, एवढंच काम होतं. कुंचला माझ्यावर आला, थांबला. तय्यबने तो स्वतःच्या बाहीला पुसला आणि बाजूला ठेवला.

आता मला धुवायचं होतं. औषध अंगावर राहिलं तर फोटो वर्षभरात काळा पडतो. घरच्या विहिरीचं पाणी खारट, त्याने पांढरे डाग पडतात. गोड पाणी गाढवावरून डब्यांनी यायचं, आणि दर माणशी हिशेबाचं असायचं. तय्यब दाराशी नुसता उभा राहिला.

"काय हवं?" जहांआराने विचारलं.

"गोड पाणी."

तिच्याजवळ एक कळशी होती. आठवड्याचं केस धुवायचं पाणी. खाऱ्या पाण्याने केस सुतळीसारखे होतात, म्हणून ती ते कोणाला हात लावू देत नसे. तिने कळशी उचलून तसराळ्यात रिकामी केली.

"आला नीट?"

"आला."

"दगडच आलेत ना?"

"दगडच," तय्यब म्हणाला, आणि मला पाण्यात खालीवर हलवत राहिला.

दोघांनाही ठाऊक होतं, आणि दुसऱ्याला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. त्यावर त्यांनी पुढे एक शब्द काढला नाही. नवराबायकोचं असं गुपित मी दुसरं बघितलं नाही.

चहाच्या खोक्याच्या फळ्यांची चौकट झाली, वर काच बसली आणि मी पश्चिमेच्या भिंतीवर चढले. काय तो माझा थाट! हमदुल्लांना तर माझं वेडच लागलं. कोणी पाहुणा आला की आधी कहवा, मग खजूर आणि मग मी.

"बघा," ते म्हणायचे, "एक जीव नाही यात. नुसते दगड आणि आभाळ. आणि तरी बघत राहावंसं वाटतं की नाही?"

"माशाअल्ला," पाहुणे म्हणायचे. गावातले एक वृद्ध खलाशी तर माझ्यासमोर बसून रडले होते. लहानपणी ते त्याच होड्यांवर होते. परत येताना आधी तो डोंगर दिसायचा आणि मग किनारा, असं त्यांनी सांगितलं.

दर शुक्रवारी जहांआरा माझी काच पुसायची. तोंडाची वाफ द्यायची आणि ओढणीच्या टोकाने घासायची. मधल्या दारावर जरा जास्त. मग एक पाऊल मागे सरून बघायची आणि नाक वर करून आत जायची. सात पुरुष माझ्याकडे तोंड करून रोज उभे राहत आणि ती बाई तिथून सगळ्यांकडे बघत असे. मला कधी हसू यायचं आणि कधी भीती वाटायची.

चार वर्षं गेली. जहांआराची मुलगी अन्वरी चौथ्या वर्षाला लागली. हमदुल्लांना स्वतःचं मूल नव्हतं. अन्वरी त्यांच्या खांद्यावरच वाढली.

ईदचा दिवस होता. बैठक पाहुण्यांनी भरलेली, शीरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या. हमदुल्लांनी अन्वरीला उचलून माझ्यासमोर धरलं.

"बोल बाय, काय काय दिसतं?"

"डोंगर."

"शाब्बास. आणि?"

"आभाळ."

"आणि?"

"मा."

सगळे हसले. "मा आत आहे गं, चुलीपाशी."

"नाही चाचा. ही बघ, दारात उभी. माझी मा." आणि तिने शीरखुर्म्याने चिकट झालेलं बोट नेमकं तिथे टेकवलं.

हमदुल्ला हसत हसतच जवळ गेले. काच पुसली. मग हसू थांबलं. "तय्यब, भिंग आण."

तय्यबने भिंग आणलं. वाट्यांमधले चमचे जागच्या जागी थांबले. हमदुल्लांनी भिंगातून बघितलं, अन्वरीला खाली ठेवलं, आणि दोन्ही हातांनी मला भिंतीवरून उतरवलं. पाहुणे शहाणे होते. एकेक करून ईद मुबारक म्हणत उठले.

मागच्या पडवीत हमदुल्ला खाटेवर बसले. मी त्यांच्या मांडीवर उताणी. त्यांनी चौकटीचे खिळे काढले, काच बाजूला केली आणि पोती शिवायची सुई हातात घेतली.

"दादा, काय करता?" तय्यबने विचारलं.

"चेहरा खरवडून टाकतो. तेवढा गेला की दोष नाही. मग भिंतीवर राहू दे."

मित्रांनो, तांदळाच्या दाण्याहून लहान बाई, तिचा चेहरा तो केवढा? सुईचं टोक त्याहून मोठं होतं. एक ओरखडा, आणि दुनियेत जहांआराचा जो एकुलता एक फोटो होता तो संपला असता. सुई माझ्यावर आली. तिचा गारवा मला अजून आठवतो.

"सुई खाली ठेवा, दादा."

जहांआरा दारात होती. डाव्या हातात वाटलेली हळद, कारण ती तशीच पाट्यावरून उठून आली होती. ओढणी कपाळापर्यंत.

"चार वर्षं मी लोकांना सांगतोय," हमदुल्ला म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, दुखावलेला होता, आणि तो जास्त लागला. "एक जीव नाही, एक जीव नाही. चार वर्षं मी त्याच्यासमोर..."

"लोकांना तरी कुठे दिसलं, दादा? मोठमोठे डोळेवाले येऊन गेले. बाईमाणूस दिसायला एक पोर लागलं."

"जहांआरा!" तय्यब म्हणाला.

"भिंत तुमची आहे, दादा. नियमही तुमचाच आणि तो बरोबर आहे. तिथून मला खुशाल काढा. पण डोंगर मी चढले आहे. अनवाणी चढले आहे. मला खरवडू नका. मला माझ्या चुलीची भिंत द्या."

हमदुल्ला सुईकडे बघत राहिले. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "खरं सांग. चुकून आलीस ना?"

ती बोलायच्या आत तय्यब बोलला. "चुकूनच, दादा. बकऱ्या हाकत होती. वाऱ्यात मला आकडे नीट म्हणता आले नाहीत. चुकून आली."

हमदुल्ला तिच्याकडे बघत होते, तिच्या उत्तरासाठी. आणि मित्रांनो, मासळीवाल्यापासून मौलवीपर्यंत कोणाला न सोडणारी ती बाई तेव्हा गप्प राहिली. तिच्या जिभेवर खरं उत्तर होतं, मला दिसत होतं. पण सुई अजून हमदुल्लांच्या बोटांत होती. तिने खोटं उच्चारलं नाही. नुसतं गिळलं.

"चुकून असेल तर..." हमदुल्ला म्हणाले, आणि त्यांनी सुई खाटेच्या दोरात खोचून ठेवली.

मग त्यांनी मला पालथी केली, कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या पाठीवर काहीतरी लिहिलं. सावकाश, जाड हाताने, दुकानाच्या पाटीवर लिहावं तसं. लिहून झाल्यावर चौकट पुन्हा ठोकली आणि मला तिच्यापुढे धरलं. तिने घाईने हात पुढे केला, आणि काच अजून नीट बसली नव्हती, त्या फटीतून तिच्या बोटाची हळद माझ्या कोपऱ्याला लागली. तोच हा डाग.

"चुलीवर नको लावूस, धूर लागेल," हमदुल्ला म्हणाले. "माठाच्या वर लाव."

त्यांनी पाठीवर काय लिहिलं? मित्रांनो, तसबिरीला स्वतःची पाठ दिसत नाही. मला फक्त पेन्सिलीची टोचणी कळली. आणि जहांआराला वाचता येत नव्हतं. तय्यबला विचारायचं, तर चौकट उघडायला सांगावी लागली असती, आणि मग तो म्हणाला असता, तुला काय पडलं आहे? आपल्याला पडलं आहे, हे तिला कबूल करायचं नव्हतं. मनातून तिला वाटायचं की जेठांनी टोमणाच लिहिला असेल. इथे एक हट्टी बाई उभी आहे, असं काहीतरी. ती माठातून पाणी काढताना माझ्याकडे बघायची आणि पुटपुटायची, "लिहा, लिहा. आमच्या पाठीमागेच लिहा."

खोटं कशाला बोलू, मला तो अपमान वाटला होता. कुठे ती बैठक, तो कहवा, ते माशाअल्ला, आणि कुठे हा माठ! पाठीमागे एक पाल राहायला आली. भाताच्या वाफेने काच दिवसातून दोनदा आंधळी व्हायची. शुक्रवारचं पुसणंही थांबलं. जहांआरा माझ्याशी रुसली होती. मी म्हणजे तिने गिळलेला तो शब्द होते ना.

पण एक गोष्ट बदलली. हमदुल्ला पूर्वी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत, बैठकीतून पाणी मागत. आता ते स्वतः उठून येऊ लागले. दारात खाकरायचे, जहांआरा बाजूला व्हायची, आणि ते माठातलं पाणी उभ्याने नव्हे, खाली बसून, तीन घोटांत सावकाश प्यायचे. एवढा वेळ नजर माझ्यावर. पूर्वी ते मला दाखवायचे. आता ते मला बघायचे.

"दादांची तहान वाढली आहे," जहांआरा कुचकटपणे म्हणायची. पण त्यांच्यासाठी माठाजवळ एक पाट मात्र तिनेच नेऊन ठेवला.

१९६८ साली हमदुल्लांनी दुकान तय्यबच्या हवाली केलं आणि ते कायमचे गावी गेले. जायच्या दिवशी पाणी प्यायला आले. पाटावर बसले, उठले.

"काच पुसत जा गं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या वर्षी शमाल सुटला. शमाल म्हणजे उत्तरेचा वारा, सुटला की तीन दिवस घरात वाळू खायची. तिसऱ्या दिवशी खिडकीची फळी उडाली आणि मी माठावरून खाली आले. माठ वाचला. काच फुटली, चौकटीचे चार तुकडे झाले, आणि मी जमिनीवर पालथी पडले.

अन्वरी धावत आली. सात वर्षांची व्हायची होती. तय्यब तिला घरीच शिकवायचा, बिघडलेल्या पासपोर्ट फोटोंच्या पाठीवर अक्षरं गिरवून घ्यायचा. फोटोची पाठ दिसली की वाचायची, एवढीच तिची शाळा.

"मा, इथे लिहिलंय!"

जहांआरा केरसुणी घेऊन काच गोळा करत होती. ती थांबली. "असू दे. काचेत हात घालू नकोस."

"वाचू?"

वारा फळीवर आपटत होता. जहांआराने केरसुणी खाली ठेवली. नको म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "वाच. पण सगळं वाच. वाईट असलं तरी गाळू नकोस."

अन्वरी बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचू लागली. "दा-रा-त उभी आहे ती... माझी भाव-जय जहांआरा. चुकून... फोटोत आली आहे. हिने स्टँड उच-लून डोंगर चढला, तेव्हा दुकानातले पुरुष... घरी बसले होते. मीही बसलो होतो. माझ्या-मागे कोणी हिचा चेहरा... खर-वडू नये. हमदुल्ला."

जहांआरा तशीच जमिनीवर बसली. काचांच्या मधोमध. अडीच वर्षं ती ज्याला टोमणा समजत होती तो असा निघाला. तिने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं, आणि अन्वरी बघते आहे म्हणून त्याच टोकाने नाक पुसलं.

"मा, रडतेस?"

"वाळू गेली. पुन्हा वाच."

अन्वरीने पुन्हा वाचलं. या वेळी एका शब्दावर जहांआराने हात वर केला.

"थांब. काय आली आहे म्हणालीस?"

"चुकून."

"हं," जहांआरा म्हणाली. आणि तिचं नाक, मित्रांनो, दर शुक्रवारी वर व्हायचं तसं वर झालं. "पेन्सिल आण. खाली लिही. चुकून नाही. मुद्दाम उभी होते."

"चाचांनी लिहिलंय त्याच्याखाली?"

"त्याच्याखालीच. एवढा खरा माणूस, त्याच्या कागदावर माझं एक खोटं कशाला? तुझे बावा गावी कागद लिहितील, त्यातही हेच घालायला सांगणार आहे. आणि सांगणार आहे की काच पुसते."

अन्वरीने लिहिलं. अक्षरं वाकडी, पण दाबून. मग तिने मला उलटं करून मधल्या दाराकडे बघितलं.

"मा, यात मी कुठे आहे?"

"तू आहेस. दिसत नाहीस, एवढंच. माझ्याबरोबर तूही चढलीस."

अन्वरी विचारात पडली. मग मला पुन्हा पालथी करून, आईला न विचारता, तिने तिसरी ओळ लिहिली. अन्वरी पण आहे.

हमदुल्लांचा जबाब दोन महिन्यांनी बोटीने आला. लांबलचक कागद शेती आणि पावसाचा होता. शेवटी जहांआरासाठी एकच ओळ होती, आणि ती अन्वरीने वाचून दाखवली. "भिंगातून बघितलं तेव्हाच मला ठाऊक होतं. चुकून उभं राहिलेलं माणूस ओढणी सारखी करत नाही."

त्यानंतर मला नवी चौकट आली, आणि तिला मागे फळी नाही. पाठ उघडीच ठेवायची, असं जहांआराने सुताराला ठणकावून सांगितलं होतं. आज मी शारजात अल नहदातल्या एका घरात आहे. खुळ्याच्या महालाचं मधलं दार कधीच पडलं. आता ते फक्त माझ्यात उभं आहे, आणि त्याच्यात ती.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर, गादीखाली, एखाद्या डब्यात माझ्या जातीचं कोणीतरी पडलेलं असेल. त्याची काच पुसा. त्यातला डोंगर बघून झाला की दारं बघा, आणि दारांत कोण उभं आहे ते नीट बघा. मग त्याला उलटं करा. पाठ कोरी असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा आणि नाव लिहून ठेवा. आणि लिहिताना आधी विचारून घ्या, की चुकून उभी होतीस का मुद्दाम.